हुमनाबादची संदी

आमच्या अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एका सकाळी घरातल्या खुर्चीत बसल्या बसल्या हुमनाबाद बंद केलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांचा तसा हेतूही नव्हता. पण त्या बंदचा परिणाम आमच्या अंगणात झाला आणि अक्कांच्या नशिबावर झाला, म्हणून आधी अक्कांचं सांगते.

अक्का माझ्या थोरल्या नणंद. सासरी पटलं नाही म्हणून तरुणपणीच माहेरी परत आल्या, आणि कुणाच्या ओंजळीनं पाणी प्यायचं नाही म्हणून त्यांनी कडक भाकरीचं काम सुरू केलं. हळ्ळीखेडला आमचं घर बिदर-हुमनाबाद रस्त्यावर आहे. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत अक्का भाकरी करतात आणि विकतात, मागं मोठं अंगण आहे. ज्वारीची भाकरी हातानं थापून कागदासारखी पातळ करायची, वरून तीळ दाबायचे, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर वाळवायची. ती महिनाभर टिकते. आमच्या भागात कन्नड बोलताना तिला रोट्टी म्हणतात, मराठी बोलताना भाकरी, आणि बहुतेक घरांत एकच माणूस सकाळी रोट्टी मागतो आणि संध्याकाळी भाकरी. भूक दोन्ही भाषांत एकच लागते.

मी मूळची देगलूरची. लग्न होऊन आले तेव्हा मला ही भाकरी खाताना दातांची काळजी वाटायची. आता शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पुढ्यात असली की मला पंगतीतलं पंचपक्वान्न नको वाटतं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर आखातात लढाई पेटली. टीव्हीवर दिवसभर एकच नकाशा. दोन देशांच्या मध्ये समुद्राचा एक चिंचोळा पट्टा, आणि त्याच्या अलीकडं-पलीकडं तेलाची जहाजं खोळंबलेली. आमच्या गावच्या कट्ट्यावर पुरुषांची चंगळ झाली. एरवी तुरीच्या भावावर भांडणारी माणसं आता कुठल्या देशानं कुणावर कधी क्षेपणास्त्र सोडायला हवं होतं ते एकमेकांना सांगायला लागली. उंटावरचे शहाणे नुसते. घरात गॅसची टाकी किती दिवस पुरेल, हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो. लढाई करणारे पुरुष, तिची चर्चा करणारे पुरुष, आणि ती शेवटी येऊन बसते बाईच्या शेगडीवर.

तेलाचा तुटवडा कसा होतो, ते मी माझ्या परीनं समजून घेतलं होतं. तेल जमिनीखालून संपलेलं नसतं. गोणी तुरीनं गच्च भरलेली आहे, पण तिचं तोंड शिवून टाकलंय, तशातला प्रकार. जहाजवाले त्या वाटेनं जायला घाबरतात, जहाजाचा विमा उतरवणारे दामदुप्पट मागतात, काही जहाजं लांबच्या वळशानं जातात, आणि तो सगळा वळसा शेवटी आमच्या रिक्षाच्या भाड्यात येऊन बसतो. माझा भाऊ देगलूरहून मला भेटायला यायचा, तेव्हा येताना नाही तर जाताना संतपूरला गाडीची टाकी काठोकाठ भरून घ्यायचा, कारण कर्नाटकात डिझेल आमच्या माहेरापेक्षा स्वस्त. मी त्याला चिडवायची, तू बहिणीला भेटायला येतोस की पंपाला? त्या महिन्यात तो आलाच नाही. फोनवर म्हणाला, "संतपूरला लई मोठी लाइन हाय गं, आन् टाकी भरून देईनात. कसं येऊ?" म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं, असं मी त्याला ऐकवलं. तो हसला, पण मला नंतर बराच वेळ माहेरची आठवण येत राहिली.

सगळ्यात आधी दुकानांची गॅसची टाकी बंद झाली. घरच्या टाकीला नंबर लावून वाट तरी बघता यायची. हॉटेलवाले, वडेवाले, अक्कांसारखे भाकरीवाले यांना एजन्सीकडून एकच उत्तर मिळायचं, वरून माल आला की बघू. भावही वाढला होता, पण तो वाढलेला भाव द्यायला तयार असूनही टाकी मिळत नव्हती. अक्कांच्या तीन शेगड्यांपैकी आधी एक विझली, मग दुसरी.

आणि नेमकी जत्रा तोंडावर आलेली. मादन हिप्परग्याच्या बाजूला एक मठ आहे, तिथं उन्हाळ्यात जत्रा भरते आणि दासोह असतो. दासोह म्हणजे येईल त्याला पंगतीत बसवून जेवू घालायचं, गाव विचारायचं नाही, जात विचारायची नाही. आजूबाजूच्या गावांनी त्या पंगतीसाठी कडक भाकरी न्यायच्या, ही जुनी रीत. आमचं गाव लांबचं, पण इथली बरीच घरं त्या मठाला मानणारी. पूर्वी घरोघरी बायका भाकरी करून द्यायच्या. मग बायकांना वेळ मिळेना, तेव्हापासून प्रत्येक घर अक्कांकडं ज्वारी आणून टाकतं आणि अक्का अख्ख्या गावाच्या भाकरी करतात. त्या वर्षीही ज्वारी येऊन पडली होती, दळूनही झाली होती.

आमचे हे स्वभावानं वाईट नाहीत. बहिणीवर त्यांचा जीव आहे. पण जीव असणं आणि समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बऱ्याच दिवसांपासून एक मोबाइल दुकानवाला पुढच्या दोन खोल्या भाड्यानं मागत होता आणि यांच्या मनात ते पक्कं बसलं होतं. गॅस बंद झाला तसं त्यांना बोलायला निमित्तच मिळालं.

"अक्का, बास कर की आता. या वयात कामून जीवाला तरास करून घ्यायलीस? सिलिंडर मिळंना, मिळालं तर परवडंना. घरात खा, घरात ऱ्हा. तुला कोण न्हाई म्हणायलंय?"

अक्का पीठ चाळत होत्या. त्या यांना तम्मा म्हणतात. कन्नडात धाकट्या भावाला तसं म्हणतात. चाळण खाली ठेवून म्हणाल्या, "तम्मा, जत्रंच्या भाकरीचा शब्द दिलाय मी गावाला. तेवढं होऊ दे. भाकरी मठात गेल्या न्हाईत, तर मी आपण होऊन दार लावते. मग दे खोल्या कुणाला द्यायच्या त्याला."

हे लगेच "बरं" म्हणाले. मला त्यांच्या त्या "बरं"चा इतका संताप आला की मी हातातलं भांडं आपटलं. त्या खोल्या गेल्या असत्या तर अक्का उपाशी राहिल्या नसत्या, हे मलाही कळत होतं. पण सकाळी उठून कुठं जायचं, हे ज्या बाईला माहीत असतं, तिला एक दिवस भावाच्या घरात नुसतं बसवून ठेवायचं म्हणजे काय, हे यांना कळत नव्हतं. अक्का आतून खचल्या होत्या. तिसरी शेगडी मंद करून त्या एकेक भाकरी वाळवत बसायच्या.

आता अप्पांचं. अप्पांना कमी ऐकू येतं. कानाचं यंत्र आहे, पण बॅटरी लवकर संपते म्हणून ते यंत्र खिशात ठेवतात आणि टीव्हीचा आवाज मोठा करतात. बातम्या बघतात कन्नड. त्या सकाळी बातमी लागली की होर्मुज जलसंधी आता पुरती बंद. कन्नडात समुद्राच्या अशा चिंचोळ्या वाटेला जलसंधी म्हणतात. मराठी बातम्यांत तिला सामुद्रधुनी म्हणतात, म्हणजे मराठीवाल्यांना तर काहीच कळत नाही. आणि कन्नडात संदी म्हणजे बोळ, गल्लीतली अरुंद वाट. मराठीतही सांदीकोपरा आहेच. अप्पांच्या कानात त्यातलं जेवढं शिरलं, त्याचं त्यांनी आपल्या मनानं नीट जुळवून घेतलं. हुमनाबाद. संदी. बंद.

चहा संपवून अप्पा बाहेर रस्त्याकडच्या पायरीवर येऊन बसले. तेवढ्यात शेजारचे ट्रॅक्टरवाले मामा समोरून निघाले. या मामांच्या आज्यापर्यंत घरात मेंढरं होती, आता थोडी शेती आणि भाड्याचा ट्रॅक्टर. तूर काढून झाली की शेतात तुराट्या उरतात, म्हणजे तुरीची वाळलेली झाडं. हुमनाबादच्या बाजूला एका कारखान्यात त्या दाबून जळणाचे ठोकळे करतात. मामांनी ट्रॉली शिगोशीग भरली होती आणि ते तिकडंच निघाले होते.

"कुठं निघालास गा?" अप्पांनी हात केला.

"हुमनाबादला, अप्पा. तुराट्या टाकून येतो."

"आरं, हुमनाबाद बंद हाय! टीव्हीत सांगायलेत की आत्ताच. संदीतनंसुद्धा कुणाला जाऊ देईनात."

"कामून?"

"कामून म्हंजे? तेलाची लढाई पेटलीय की!"

एरवी मामांनी चार जणांना विचारलं असतं. पण ते दिवसच असे होते की काहीही खरं वाटावं. कुठं पंपावर भांडणं झाली, कुठं लाइन मोडली, असल्या बातम्या रोजच्या होत्या. हुमनाबाद बंद, यात न पटण्यासारखं काय होतं? पंपावर डिझेल मोजून मिळत होतं. जाऊन परत यायचं आणि उद्या पुन्हा जायचं, एवढं तेल मामांकडं नव्हतं. शेत लांब, तिथं नेऊन टाकायलाही तेलच. दुपारी ट्रॉली दुसऱ्या कामाला लागणार होती. त्यांनी ट्रॅक्टर बंद केला, डोकं खाजवलं आणि अक्कांना हाक मारली.

"अक्का, आजच्या दिवस तुमच्या अंगणात टाकू काय ही तुराटी? उद्या हुमनाबाद उघडलं की उचलतो."

अक्का हो म्हणाल्या. अंगणात ट्रॉली उलटी झाली आणि खोलीएवढा ढीग पडला.

मी तेव्हा मागं कपडे वाळत घालत होते. हा काय प्रकार म्हणून पुढं पायरीशी आले, तर अप्पा आल्यागेल्याला हुमनाबादची बातमी देत होते आणि दोन माणसं बसथांब्यावरून घरी परतली होती. मी मोबाइल उघडून बघितलं आणि माझ्या लक्षात आलं. हसावं की रडावं तेच कळेना. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं म्हणतात ना, तसं आग आखातात आणि बंदोबस्त हुमनाबादला! मी त्यांच्या खिशातलं यंत्र काढून त्यांच्या कानात घातलं.

"अप्पा, ते हुमनाबाद न्हाई. होर्मुज. इराणकडं समुद्रातली वाट हाय ती."

"समुद्रातली?"

"व्हय. जहाजं जातेत तिथनं."

अप्पांनी यंत्र कानात नीट दाबून बसवलं. चुकलो म्हणणं त्यांच्या रक्तात नाही. मग म्हणाले, "त्या वाटेनं काय येतं?"

"तेल. गॅस."

"आन् आपल्या गावाला तेल आन् गॅस कुठनं येतं?"

"हुमनाबादहून."

"मग मी काय येगळं सांगितलो?"

मी उरलेले कपडे वाळत घालायला मागं गेले.

मामांना दुपारी खरं कळलं तेव्हा ते तणतणत आले. अप्पा तोवर यंत्र काढून झोपले होते. अक्का मात्र सकाळपासून त्या ढिगाकडं बघत होत्या. दोनदा अंगणात जाऊन आल्या होत्या, एकदा एक तुराटी मोडून बघितली होती. मामांनी ट्रॉली आणायची भाषा काढली तसं त्या म्हणाल्या, "न्यायचं तर ने बाबा, तुझा माल हाय. पर भरायला, न्यायला पुन्हा तेल लागंल. त्यापेक्षा ऱ्हाऊ दे हितंच. जत्रंपर्यंत तुझ्या घरच्या भाकरी माझ्या चुलीवर."

"चूल कुठं हाय तुमच्यात?" मामा म्हणाले.

घरोघरी मातीच्या चुली, असं म्हणायची आपल्याला सवय आहे. खरं सांगायचं तर आमच्या आळीत त्या दिवशी एकाही घरात मातीची चूल नव्हती. सगळ्यांनी गॅस आल्यावर मोडून टाकलेल्या. अक्कांनी पदर खोचला, विटा गोळा केल्या, तांबडी माती भिजवली आणि संध्याकाळपर्यंत अंगणात तीन चुली उभ्या केल्या. मामा घरी जाऊन पाण्याची कळशी घेऊन आले आणि माती मळायला बसले. जाताना म्हणाले, "अप्पानं हुमनाबाद बंद केलं, आन् अक्कानं माझा ट्रॅक्टर."

चुलीवरच्या भाकरीचं कौतुक शहरातल्या लोकांनी करावं. दुसऱ्या दिवशी आम्ही चुली पेटवल्या, तेव्हा माझे डोळे असे चुरचुरले की मी होर्मुजच्या दोन्ही बाजूंच्या राज्यकर्त्यांना पोटभर शिव्या घातल्या. तुराटी भस्सकन पेटते आणि लगेच विझते. सारखी सारत राहावी लागते. पहिल्या भाकरी करपल्या, नंतरच्या कच्च्या राहिल्या. अक्कांनाही गॅसची सवय झालेली, त्यांचाही अंदाज चुकत होता. पण दुपारपर्यंत त्यांना तिची खोड कळली. जाळावर भाजायचं आणि शेजारच्या चुलीतल्या निखाऱ्यांपुढं भाकरी उभी करून वाळवायची. भाकरी खुसखुशीत व्हायला लागली. अक्का कितीतरी दिवसांनी हसल्या.

तरीपण हिशेब जमत नव्हता. एक जण जाळ सारणार, एक जण थापणार, एक जण वाळवणार, आणि कामाला येणाऱ्या दोघी बायकांपैकी एक आजारी. गावाच्या भाकरी एवढ्यात कशा व्हायच्या? मी मनातून घाबरले होते. अक्का घाबरल्या होत्या की नाही कोण जाणे, त्यांनी मान वर करून बघितलं नाही.

मग शेजारच्या काकू परात घेऊन दारात उभ्या राहिल्या. परातीत मळलेलं पीठ. त्यांनी घरातली टाकी पाहुण्यांसाठी राखून ठेवली होती, त्यामुळं घरात दोन दिवस चुरमुऱ्यांवर काम चाललं होतं. जरा ओशाळूनच म्हणाल्या, "अक्का, जाळ हायच तर आमच्या चार भाकरी टाकून घिऊ काय?"

अक्का म्हणाल्या, "घे की. पर आधी मठाच्या, मग घरच्या."

हा नियम होता होता आळीभर झाला. दुसऱ्या दिवशी पाच-सहा घरच्या बायका आल्या. कुणी येताना काटक्या आणल्या, कुणी शेण्या आणल्या, एकीनं मोठा तवा आणला. जी येईल ती आधी मठाच्या भाकरी थापणार, मग घरच्या घेऊन जाणार. तीन चुलींच्या पाच झाल्या. लिंगायतांच्या बायका, मामांच्या भावकीतल्या बायका, मागच्या गल्लीतली एक मुसलमान खाला, जिच्या हातची भाकरी आम्हा सगळ्यांपेक्षा पातळ व्हायची आणि ती आम्हाला दख्खनीत चिडवायची, "क्या अम्मा, रोटी बनारे के छप्पर डालरे?" अंगणात कन्नड, मराठी, दख्खनी एकदमच चालायची. कुणाची सून, कुणाचं दुखणं, कुणाचं जमलेलं लग्न, सगळं त्या धुरात बोलून व्हायचं. मी इतकी वर्षं या गावात राहत होते आणि यातल्या निम्म्या बायकांशी माझं बोलणं नुसतं 'जेवण झालं का' इतकंच होतं. मला लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

भाकरीची चळत भिंतीला लागून वाढत गेली. आमचे हे येता-जाता बघायचे. एकदा मी त्यांना अंगणातल्या तुराट्या बारीक मोडून चुलीजवळ ठेवताना बघितलं. मला बघून ते घाईघाईनं आत गेले.

जत्रा दोन दिवसांवर आली आणि दरवर्षी भाकरी मठात पोचवणाऱ्या टेम्पोवाल्यानं पाय मागं घेतला. दुष्काळात तेरावा महिना. "आळंदच्या पुढं जायचं आन् यायचं, एवढं डिझेल मला कोण देयलंय?" त्याचंही खोटं नव्हतं. अक्का ते ऐकून भाकरीच्या चळतीसमोर खाली बसल्या. आमचे हे दारात उभे होते. हळूच म्हणाले, "अक्का, तू तुझ्याकडनं केलीस. आता वाटून टाकू गावात."

"वाटायच्या न्हाईत. मठाच्या हायत," अक्का म्हणाल्या. मला वाटलं, संपलं. ही बाई आता खरंच दार लावणार. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

काकू तव्याखालचा जाळ काढत होत्या. त्या म्हणाल्या, "बस हाय की."

"बसनं एवढ्या भाकरी?"

"आपल्याला तिकीट कुठं हाय?"

आमच्या राज्यात सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट लागत नाही. काकू एवढंच बोलल्या आणि सगळ्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. टेम्पोत जे एका ढिगात जायचं, ते मांडीवर बसून जाईल. जिला जत्रेला यायचंय तिनं एक बोचकं घ्यायचं. तीन बायका जायच्या म्हणत होत्या, तिथं अख्खी आळी तयार झाली. भाकरी धुतलेल्या लुगड्यांत बांधल्या. आमचे हे कडेला उभे राहून बघत होते, शेवटी म्हणाले, "दोन बोचकी मी घेतो." त्या बसमध्ये आमच्यातल्या त्यांच्या एकट्याचंच तिकीट काढावं लागलं.

कंडक्टर चढला आणि जागच्या जागी थबकला. जिकडं बघावं तिकडं बाई आणि बाईच्या मांडीवर पांढरं बोचकं.

"हे काय लगेज हाय?"

"लगेज न्हाई अण्णा, शिदोरी हाय," काकू म्हणाल्या.

"एवढी?"

"लांब जायचंय."

कंडक्टर हसला आणि बोचकं नसलेल्या एका माणसाला उठवून त्यानं अक्कांना बसायला जागा दिली. हुमनाबादला बस बदलली, कलबुर्गीला बदलली, आळंदला बदलली. रस्त्यात प्रत्येक पंपावर लाइन होती. मोटारसायकलवाले बाटल्या घेऊन उभे, ट्रकवाले ट्रकखाली आडवे झालेले. ही लढाई अशीच चालली तर पुढं काय, याचं उत्तर त्या बसमध्ये कुणाजवळही नव्हतं. पण प्रत्येकीच्या मांडीवर खमंग वासाची भाकरी होती आणि प्रत्येक खड्ड्याला आम्ही सगळ्या मिळून बोचकी वर उचलून धरायचो. मला आयुष्यात इतकं हसल्याचं आठवत नाही.

तरी भाकरी मोडल्याच. मठाच्या कोठारात बोचकी सोडली तेव्हा वरच्या धड आणि खालच्या तुकडे तुकडे. अक्कांचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत त्यांची मोडकी भाकरी कुणाच्या हातात गेली नव्हती. त्या तिथल्या वाढप्यांच्या म्होरक्याला म्हणाल्या, "माफी करा, बसमधनं आणल्याव." तो म्हातारा गृहस्थ तुकडे ओंजळीत घेऊन टोपलीत भरत म्हणाला, "अक्का, मोडूनच खायची असती की." मग थांबून म्हणाला, "औंदा किती गावांच्या भाकरी आल्याच न्हाईत. तुमच्या आल्या."

अक्का तिथंच भिंतीला टेकून रडल्या. मी पण रडले. का ते विचारू नका.

दुपारच्या पंगतीत आमचे हे माझ्या समोरच्या रांगेत बसले होते. त्यांच्या एका बाजूला कुठल्या तरी गावचा मजूर, दुसऱ्या बाजूला शाळेचा गणवेश घातलेली मुलगी. तिघांच्याही पानात अक्कांच्या भाकरीचे तुकडे आणि वरून सांबार. ती मुलगी मजेत कुरकुर वाजवत खात होती. आमचे हे पानाकडं कमी आणि रांगेकडं जास्त बघत होते. रांग पार मांडवाच्या बाहेर गेली होती. परतताना बसमध्ये ते अक्कांची रिकामी लुगडी घडी करून मांडीवर घेऊन बसले.

पुढं काही आठवड्यांनी जहाजं थोडी थोडी सुटायला लागली, असं टीव्हीनं सांगितलं. भाव चढले तेवढे उतरले नाहीत; चढताना ते धावतात आणि उतरताना त्यांचे गुडघे दुखतात. पण दुकानाची टाकी मिळायला लागली आणि अक्कांच्या शेगड्या पुन्हा पेटल्या. अंगणातल्या पाच चुली मात्र कुणी मोडल्या नाहीत. दर सोमवारी बायका परात घेऊन येतात. आधी मठाच्या, मग घरच्या, हा नियम अजून आहे. आता मठाच्या म्हणजे गावात ज्याच्या घरी कुणी करणारं नाही त्याच्या. पुन्हा कुठं लढाई पेटली, तर पुन्हा टाकी बंद होईल, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पण या वेळी जशी मी घाबरले तशी घाबरणार नाही.

अशाच एका सोमवारी तो मोबाइल दुकानवाला आला. मोजायची टेप घेऊनच आला होता. आमचे हे दारातच उभे होते. तो आत शिरायला लागला, तसं यांनी चौकटीला हात लावून त्याला अडवलं.

"खोल्या दाखवता का जरा?" तो म्हणाला.

"माझ्या न्हाईत," हे म्हणाले. "अक्काचं दुकान हाय ते. तिला इच्यारा."

आत अक्का भाकरी थापत होत्या. त्यांचा हात क्षणभर थांबला. मग परातीवर थाप पडायला लागली, आणि पहिल्यापेक्षा चांगली जोरात पडायला लागली.